१०३ पायऱ्या, पुन्हा एकदा

२०२२च्या जुलैपर्यंत माझा दिवस पर्वतीवर उजाडायचा. पावणेसहाला सहकारनगरातून निघायचं, १०३ पायऱ्यांच्या पाच फेऱ्या करायच्या, शेवटच्या फेरीला वर देवदेवेश्वराला हात जोडायचे आणि सव्वासातच्या आत घरी येऊन कणीक मळायला घ्यायची. महिन्यातल्या एका रविवारी सिंहगड. आतकरवाडीतून तासा-सव्वातासात वर, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही आणि पायीच खाली. असं बारा वर्षं चाललं होतं. मी खेळाडू वगैरे कधीच नव्हते. बँकेत काउंटरवर बसणारी बाई. पण सकाळचा तो तास माझा होता आणि त्याच्या जोरावर उरलेला दिवस सहज ओढला जायचा.

त्या जुलैत सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणंही अर्धंमुर्धं राहिलं. पुढचे एकोणीस महिने त्या अंथरुणात होत्या. दिवसा मावशी यायच्या, मी बँकेत जायचे. रात्र मी आणि नवरा वाटून घ्यायचो, पण खरं सांगायचं तर आईंना रात्री मीच हवी असायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मोबाइलवर गजर लावलेले असायचे: साडेदहा, साडेबारा, अडीच, साडेचार. उशाशी एक शंभर पानी वही असायची. औषध कधी दिलं, बीपी किती, लघवी किती झाली, कोणत्या कुशीवर आहेत, सगळं तिच्यात लिहायचं. 'अडीच, उजवी. साडेचार, डावी.' पानंच्या पानं अशी भरली होती.

ही तक्रार नाही. आईंनी माझ्या बाळंतपणात माझं सगळं केलं होतं आणि त्यांचं मला मनापासून करायचं होतं. पण त्या एकोणीस महिन्यांत माझ्या शरीराचं काय झालं आणि ते परत उभं करायला काय करावं लागलं, हे लिहायला हवं असं वाटतं. माझ्या वयाचे कितीतरी जण आत्ता याच चक्रात आहेत आणि त्यातून बाहेर पडल्यावर मी केली तीच चूक करणार आहेत.

जेवण ओट्याशी उभ्यानं व्हायचं. चहा दिवसाला पाच-सहा वेळा. रात्री जागं राहायला काहीतरी तोंडात टाकायचं म्हणून फरसाणाचा डबा बाहेरच्या खोलीत आला आणि तिथेच राहिला. आईंना पलंगावरून खुर्चीत घेताना दोनदा कंबर भरली. पर्वती आधी आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा आणि मग बंदच. ५८ किलो वजन ६९वर गेलं.

२०२४च्या फेब्रुवारीत आई गेल्या. दिवस झाले, पाहुणे गेले, पलंग आणि हवेची गादी ज्यांना हवी होती त्यांना दिली. घरात एकदम मोकळा वेळ आला आणि तो सहन होईना. मार्चमधल्या एका मंगळवारी मी जुने बूट शोधून काढले आणि पर्वती गाठली.

डोक्यात हिशेब असा होता: पूर्वी पाच करायचे, आता तीन करू. पहिल्या फेरीत साठाव्या पायरीच्या आसपास छातीत इतकं धडधडायला लागलं की कठड्याला टेकून बसले. शेजारून एक आजोबा काठी टेकत चढून गेले. मी पूर्वी रोज त्यांना दोनदा मागे टाकायचे. त्यांनी ओळखलं. "खूप दिवसांनी, ताई. बसा, बसा. पर्वती कुठे जात नाही," म्हणाले आणि आपल्या चालीनं वर गेले. मी बसून राहिले. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये याच टेकडीवर गेले, वय अवघं चाळीस. शाळेपासून वाचलेली गोष्ट, पण माणूस दुःखानं आतून पोखरला जातो म्हणजे काय होतं, ते त्या सकाळी थोडं कळलं.

तरी मी तीन फेऱ्या केल्या. आजोबांचं ऐकायला हवं होतं.

चढण्याचा त्रास त्याच क्षणी होतो, धाप लागते, थांबलं की संपतो. उतरण्याचा त्रास मागाहून येतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो आणि सवय सुटलेल्या स्नायूत त्यानं बारीक बारीक इजा होते. म्हणून दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं. गुरुवारी मला बँकेच्या पायऱ्या आडवं होऊन उतराव्या लागल्या. ते आठवड्यात गेलं, मी परत गेले, परत तीन फेऱ्या. आणि महिनाअखेरीला एका सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ आली.

तेव्हाही थांबले नाही. पायऱ्या नकोत तर जिम, असं ठरवून घराजवळच्या एका जिमची वर्षाची फी भरली. तिथल्या मुलानं माझं वजन केलं, वय विचारलं आणि तिसऱ्या दिवशी मला लाकडी खोक्यावर उड्या मारायला लावल्या. टाच दुखते म्हटलं तर "मॅम, पेन इज गेन" म्हणाला. दहा दिवसांत मला घरातल्या घरात चप्पल घालूनही चालता येईना. फी परत मिळाली नाही. त्या पैशांपेक्षा गेलेल्या दोन महिन्यांची हळहळ मला आजही वाटते.

नवरा हट्टानं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी टाच नंतर बघितली, आधी खालची पापणी ओढून डोळा बघितला. "धाप लागते म्हणजे सवय गेली असं तुम्ही ठरवून टाकलंत. रक्त तपासलंत का?" हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बाईला ते किमान १२ हवं. पाळी वर्षभरापासून पुढेमागे होत होती, आली की आठ-आठ दिवस जात होती. आईंच्या आजारपणात मी तिकडे बघितलंच नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली. काळजीचं काही नव्हतं, पाळी जाण्याच्या आधीचा काळ. पण शरीरातला लोहाचा साठा पार तळाला गेला होता. म्हणजे साठाव्या पायरीवर मी जिद्दीला बोल लावत बसले होते आणि खरं कारण रक्तात होतं. चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येक बाईला मला हात जोडून सांगावंसं वाटतं, बूट घालण्याआधी रक्त तपासून घ्या.

बाकीचे आकडेही बरे नव्हते. बीपी १४२/९२. डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. आईंचं बीपीचं मशीन घरात होतंच, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहायला सांगितलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, एचबीएवनसी, ६.१ होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्यावर डॉक्टर म्हणाले, "लोह कमी असलं की हा आकडा कधी कधी खोटा वर जातो. लोह भरू दे, मग परत बघू. तोवर घाबरू नका आणि गोडही खाऊ नका."

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबानं लागतं. मी सकाळी गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले आणि त्या निमित्तानं उठल्याउठल्याचा चहा सुटला. हिमोग्लोबिन तीन महिन्यांत ११.८ झालं. तरी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायला सांगितल्या. रक्त आधी भरतं, साठा मागून.

टाचेसाठी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला जे समजावलं त्यावर माझा पुढचा सगळा सराव उभा राहिला. म्हणाल्या, "तुमचं सगळं शरीर एकाच वेळी परत येणार नाही. दम आधी येईल, महिन्या-दोन महिन्यांत. मग स्नायू. आणि पायाचे पट्टे, सांध्यांजवळचे तंतू सगळ्यात शेवटी, कारण त्यांना रक्ताचा पुरवठाच कमी. दम आला म्हणून तुम्ही पळायला लागता आणि पाय मागे पडलेले असतात. आता टाचेला विचारून चालायचं, छातीला विचारून नाही."

त्यांनी एकच व्यायाम दिला, तो दिवसाआड करायचा. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे बोटं वर वळतात आणि तळपायाचा पट्टा ताणला जातो. तीन मोजत टाचा उचलायच्या, दोन मोजत धरायच्या, तीन मोजत पायरीच्या खालपर्यंत सोडायच्या. हे बारा वेळा. आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या वळणावर, कठड्याला एक हात लावून, मी हे रोजाआड सात महिने केलं. पहिल्या आठवड्यात बारा होत नव्हते, आठव्यालाच पोटऱ्या थरथरायच्या. वरच्या मजल्यावरचा शाळकरी मुलगा जाता-येता मोठ्यानं मोजायचा, "काकू, दहा झाले, दोन राहिले!" त्याच्यासमोर दोन राहू देणं मला जमायचं नाही.

त्याच सुमारास कपाट आवरताना आईंची वही सापडली. अर्धीअधिक भरलेली. मी ती उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली. तारीख, बीपी, किती मिनिटं चालले, टाच सकाळी किती दुखली. दुखणं दहापैकी किती, असा आकडा घालायचा. आईंच्या बाबतीत मी कधी म्हटलं नाही की आज सहा पावलं टाकायलाच हवीत. जेवढं होईल तेवढं, आणि ते लिहून ठेवायचं. स्वतःच्या बाबतीत ही सबुरी मला शिकावी लागली. वहीनं शिकवली.

चालणं सारसबागेत सुरू केलं, सपाटीवर. पंधरा मिनिटं. वेग किती ठेवायचा हे कळायला घड्याळ घेतलं नाही. चालताना बोलता यायला हवं, पण गाता येऊ नये, इतपत वेग बरोबर. एकटीनं बोलायचं काय, म्हणून मी पाढे म्हणायचे. एकोणिसाचा पाढा धाप न लागता म्हणता आला, तर वेग वाढवायचा. 'एकोणीस सक चौदोदरसे'ला अडखळले, तर कमी करायचा. पंधराची वीस, वीसची तीस मिनिटं होत गेली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा. १५० मिनिटांपर्यंत पोचायला मला जुलै उजाडला.

ताकदीच्या दोन दिवसांना मी पूर्वी मोजतच नव्हते. पायऱ्या चढते ना, पुरे की! पण तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात आणि पाळी जाण्याच्या सुमारास बायकांची हाडंही वेगानं ठिसूळ व्हायला लागतात. नुसत्या चालण्यानं ते भरून येत नाही. फिजिओ बाईंनी पहिल्या दिवशी मला हात छातीवर बांधून खुर्चीतून उठ-बस करायला लावली होती, तीस सेकंद. नऊ झाल्या. त्यांनी काही न बोलता आकडा लिहिला. घरी मी तीच उठ-बस करायला लागले, भिंतीला टेकून जोर काढायला लागले आणि गिरणीतून दळण आणायचं काम नवऱ्याकडून परत माझ्याकडे घेतलं. दहा किलोचा डबा दोन मजले. मधल्या वळणावर टेकवायचा, मग हात बदलून वर. कंबर न वाकवता, गुडघे वाकवून उचलायचा. आईंना उचलताना हे मला कुणी शिकवलं असतं तर!

खाण्यात फार मोठा बदल केला नाही, पण एक हिशेब मांडला. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझ्या वजनाला पंचावन्न-सत्तावन्न ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात असतात. मी दिवसभरात जेमतेम निम्मी खात होते. मग सकाळच्या पोह्यांच्या जागी मुगाचं धिरडं आलं, रात्री कुळथाचं पिठलं आणि ज्वारीची भाकरी, एका जेवणात दोन अंडी, दुपारी ताकाऐवजी दही. लोणचं आणि पापड बीपीसाठी गेले. फरसाणाचा डबा मी धुऊन त्यात फुटाणे भरले. भूक रात्रीचीच होती, तिला रिकामं ठेवून चालणार नव्हतं.

पण या सगळ्याच्या आधी येते ती झोप. आई गेल्या, गजर काढून टाकले, तरी शरीर उठतच होतं. साडेबारा. अडीच. साडेचार. घड्याळ न बघता मला वेळ कळायची. अडीचला मी उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे, आत अंधारात पलंगाची जागा मोकळी दिसायची, मग परत यायचे. एकोणीस महिने ज्या आवाजासाठी कान लावून झोपले, तो आवाज थांबला तरी कान झोपायला तयार नव्हते. सकाळी उठून व्यायाम करायचा तो याच अंगानं. न झोपलेलं अंग दुरुस्त होत नाही. टाच दिवसा मी जेवढी बरी करत होते, तेवढी रात्री बिघडत होती, असं मला वाटायचं.

डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली नाही. कधीही झोपलात तरी सकाळी एकाच वेळी उठायचं, उठल्यावर अर्धा तास उजेडात जायचं, दुपारी तीननंतर चहा नाही, भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवायचं, आणि जाग आली तर त्या खोलीत जायचं नाही. शेवटची अट मला सर्वांत जड गेली. आठवडाभर मी पलंगावर बसून रडले. मग नवरा उठून शेजारी बसायला लागला. आपली आई गेल्याबद्दल तो दिवसा कधी बोलला नव्हता. त्या रात्री अडीच वाजता बोलला. ते ऐकल्यावर पुढच्या जागा थोड्या हलक्या झाल्या.

ऑगस्टमधल्या एका सकाळी दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या अडकवल्याचा आवाज आला आणि मी दचकून उठले. साडेपाच वाजले होते. रात्री साडेदहापासून मला जाग आलीच नव्हती. वहीत त्या दिवशी फक्त 'झोप' एवढंच लिहिलेलं आहे.

पावसाळ्यात पर्वतीच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं, त्यामुळे तिकडे जायचा मोह आपोआप टळला. आमच्याकडे त्या वर्षी सण नव्हता. गणपतीत मोदक नाहीत, दिवाळीत कढई नाही. शेजारच्या घरांतून फराळाचे डबे आले, ते खाल्ले. बेसनाचा लाडू खाताना आईंच्या हातची चव आठवली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चालायला गेले.

दिवाळीनंतर फिजिओ बाईंनी पायऱ्यांना परवानगी दिली. टाच तेव्हा दहापैकी एक होती, तीही कधीतरी. एकच फेरी, आणि उतरताना दर पंचवीस पायऱ्यांना थांबायचं. मी मोजत गेले. साठाव्या पायरीवर थांबले, बसले नाही. वर पोचल्यावर पूर्ण शहर धुक्यात होतं. आजोबा नेहमीच्या जागी टेकून उन्हाची वाट बघत होते. "किती?" त्यांनी विचारलं. "एकच," मी म्हटलं. "मग छान," ते म्हणाले. आम्ही दोघं जोडीनंच उतरलो, त्यांच्या चालीनं. त्यांच्याबरोबर उतरताना मला कळलं, ते प्रत्येक पायरीवर आधी पूर्ण पाऊल टेकतात आणि मगच भार टाकतात. बारा वर्षं मी त्यांना मागे टाकत होते, पण त्यांचे पाय कधी बघितले नव्हते. डिसेंबरअखेरपर्यंत माझ्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. पाच अजूनही होत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये आकडे परत काढले. बीपी १२६/८२. एचबीएवनसी ५.८, म्हणजे उंबरठा अजून ओलांडून मागे आलेले नाही. वजन ६३. खुर्चीतली उठ-बस तीस सेकंदांत सोळा. ५८ किलो पुन्हा दिसेल की नाही सांगता येत नाही आणि त्यासाठी मी आता वजनकाट्यावर रोज उभी राहत नाही. आठवड्यातून एकदा.

त्याच महिन्यात नवऱ्याबरोबर सिंहगडला गेले. आतकरवाडीतून वर जायला एक तास चाळीस मिनिटं लागली. वाटेत दोनदा ताक प्यायलो. तरुण मुलंमुली भराभरा पुढे जात होती. पुणे दरवाज्यातून आत शिरताना पाय थरथरत नव्हते, एवढंच मी बघत होते. पिठलं-भाकरी खाल्ली, कांदा फोडून. उतरायला मात्र जीपनं आलो. पायी उतरायचं ते पुढच्या हिवाळ्यात, टाचेला विचारून.

रात्री वही काढली आणि लिहिलं: 'सिंहगड. १ तास ४० मि. टाच शून्य.' पान उलटलं तर पुढे कोरं पान नव्हतं. मागून लिहीत लिहीत मी आईंच्या पानांपर्यंत पोचले होते. समोर माझ्याच अक्षरात, उलट्या बाजूनं, त्यांची शेवटची रात्र होती. वही फिरवून वाचली. 'अडीच, उजवी. पाणी दोन चमचे. साडेचार, डावी.' त्याखाली अर्धं पान मोकळं होतं. ते तसंच ठेवलं.

आईंचं वर्षश्राद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी पर्वतीवरून उतरले आणि येताना नवी वही आणली.